जमीला मॅडमची वर्गवारी

जमीला मॅडम बोलायला सुरुवात करण्याआधी टेबलावर दोन बोटं वाजवायच्या. जोरात नाही, टकटक, एवढंच. समोरचा मान वर करून त्यांच्याकडे बघेपर्यंत थांबायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. ऑफिसात नव्याने आलेल्या माणसाला हा शिष्टपणा वाटायचा. मलाही वाटला होता. पाठमोऱ्या माणसाशी तर त्या कधीच बोलल्या नाहीत. कितीही घाई असली तरी खुर्ची सोडून, वळसा घालून त्याच्या समोर येऊन उभ्या राहायच्या.

आमचं ऑफिस काल्हेरला, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर ट्रक लागलेले असतात. आम्ही अकराजण आसपासच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कुठला माल कुठल्या रॅकवर ठेवलाय, थंड खोलीचं तापमान किती आहे, मालाची लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे, शटर उघडं आहे की बंद, अशी कामं. मालक निखिल सर ठाण्याहून येतात. मी इथलाच, काल्हेरचा भोईर. जमीला खोत कामतघरच्या. बारा वर्षं एका शाळेत संगणक शिकवून, घरी बसून प्रोग्रॅमिंग शिकून, चाळिशी उलटल्यावर त्या आमच्याकडे लागल्या. मी त्यांच्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान, पण कंपनीत जुना. त्यामुळे त्या मला ‘भोईर’ म्हणत आणि ‘अहो-जाहो’ करत. मी त्यांना मॅडमच म्हणत आलो.

त्यांना घेतलं होतं ते एका कंटाळवाण्या कामासाठी. या धंद्यात नसलेल्यांना ते थोडं समजावून सांगायला हवं. कुठलंही सॉफ्टवेअर चालताना सतत काहीतरी लिहीत असतं. आता हे केलं, आता ते उघडलं, इथे उत्तर आलं नाही, तिथे पुन्हा विचारलं. एका गोदामात दिवसाला अशा हजारो ओळी पडतात. त्यातल्या काही फक्त आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांच्या कामाच्या असतात, चूक शोधायला. काही नुसत्या नोंदी असतात. आणि काही अशा असतात, की त्या तिथल्या माणसाला त्याच क्षणी कळल्या पाहिजेत. आमच्याकडे तेव्हा सगळ्यांची एकच खिचडी होती. प्रत्येकजण मनाला येईल तसा संदेश लिहायचा आणि तो गोदामातल्या स्क्रीनवर उमटायचा. निखिल सरांनी मॅडमना सांगितलं, हे सगळं नीट लावणारी एक लायब्ररी बनवा. लायब्ररी म्हणजे आम्हा सगळ्यांना वापरता येईल असा एक तयार कोड. आम्ही संदेश द्यायचा आणि त्याचा प्रकार सांगायचा, पुढे तो कुठे पोचवायचा ते लायब्ररी बघेल.

दुसरं कुणीही लगेच कामाला लागलं असतं. मॅडम पहिले दोन दिवस ऑफिसात आल्याच नाहीत. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या गोदामात, गेटजवळच्या केबिनमध्ये, यादव नावाच्या गार्डशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिल्या. आमचा स्क्रीन त्याच केबिनमध्ये होता. त्यावर यादवने कॅलेंडर लटकवलं होतं. मॅडमनी त्याला रागावून काही विचारलं नाही. दुपारी डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी त्याच्यापुढे केली (त्याने चटणी घेतली नाही, भाकरी घेतली), आणि मग विचारलं की हे कॅलेंडर इथेच का? यादव म्हणाला, “ये दिन भर चिल्लाता है मैडम, पर बोलता कुछ नहीं.”

हे वाक्य त्यांनी आम्हाला येऊन सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

तीन महिन्यांनी लायब्ररी तयार झाली. तिच्यात चारच प्रकार होते. डीबग, म्हणजे आपलं आपल्याशी बोलणं. ते फाइलीत जाऊन पडतं, स्क्रीनवर दिसत नाही. नोंद, म्हणजे काय झालं ते नंतर कुणाला बघायचं असेल तर. इशारा, तो तिथे उभ्या असलेल्या माणसासाठी. तो आला की स्क्रीनवर त्याला वाचता येईल अशा भाषेत ओळ उमटते आणि घंटा वाजते. आणि धोका, ज्यात माणसाची वाट न बघता भोंगा वाजतो, मॅनेजरला फोन जातो. जगात इतरत्र अशा लायब्रऱ्यांमध्ये असतं त्यापेक्षा यात फार वेगळं काही नव्हतं. वेगळं होतं ते मॅडमचं त्या प्रकारांवर पहारा देणं.

आमच्या कोडमधला प्रत्येक संदेश त्या छापून घ्यायच्या आणि पेन्सिलीने त्याच्यापुढे दोन प्रश्न लिहायच्या. हे कुणासाठी आहे? ते वाचून त्याने काय करायचं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही तर तो संदेश इशारा होऊ शकत नाही, मग तुम्ही कितीही वाद घाला. ‘काहीतरी चुकलं आहे’ असा एक संदेश आमच्याकडे चाळीस ठिकाणी होता. त्यांनी चाळीसही ठिकाणी तो खोडला आणि ज्याने लिहिला त्याच्याकडून काय चुकलं ते वदवून घेतलं.

माझी पानं नेहमी सगळ्यात जास्त खोडलेली परत यायची. मी जवळजवळ सगळ्याला ‘धोका’ लावायचो. उद्या काही झालं तर मी सांगितलं नव्हतं असं कुणी म्हणायला नको, हा माझा हिशेब. एकदा त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, दोन बोटं वाजवली आणि म्हणाल्या, “भोईर, तुम्हाला भीती वाटते म्हणून सगळ्या गोदामाला घाबरवू नका.” मला ते फार लागलं. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर सांदणांचा डबा ठेवला.  फणसाची सांदणं होती. डबा मी एकट्याने संपवला.

त्यांच्याकडूनही चूक झाली, आणि ती त्यांनी कशी निस्तरली ते मला विसरता येत नाही. एका थंड खोलीतल्या तापमापकाची बॅटरी उतरत आल्याचा संदेश त्यांनी नोंदीत टाकला होता. बॅटरी संपली, तापमापक जुनाच आकडा दाखवत राहिला, आणि खोलीभर आइस्क्रीम पातळ झालं. गिऱ्हाइकाने तापमापकवाल्याला बोल लावले होते, आमच्याकडे कुणी बोटही दाखवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर ऑफिसच्या फळ्याला एक कागद लावलेला. ‘बॅटरीचा संदेश मी नोंद धरला होता. तो इशारा हवा होता. चूक माझी. आज बदलला आहे.’ खाली सही. निखिल सर तो कागद काढायला गेले, म्हणाले, गिऱ्हाईक वर आलं तर वाचेल. मॅडम म्हणाल्या, वाचू दे. कागद आठवडाभर तिथे होता.

त्या कागदाचा पुढे मला उपयोग झाला. हे लिहितानाही लाज वाटते, पण तसंच झालं. मॅडम आपली चूक आपल्या तोंडाने सांगतात हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं.

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. वडिलांना ताप होता म्हणून त्या रजेवर होत्या आणि निखिल सरांनी सहीसाठी काही कागद माझ्याकडे दिले होते. कामतघरला खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना आणि वर दोन खोल्या असं त्यांचं घर. एकेकाळी खालचे चार लूम त्यांच्या वडिलांचे होते. तीस वर्षं त्यांनी ते स्वतः चालवले, मग विकले. आता जागा भाड्याने दिलेली आणि लूम दुसऱ्याचे, पण खडखडाट तोच. वरच्या खोलीत चहाची कपबशी आपसूक सरकत होती. त्या आवाजात तीस वर्षं काढून वडिलांचे कान पुरते गेले होते. मॅडमनी खाटेच्या कडेवर दोन बोटं वाजवली, म्हातारबाबांना ते हाताच्या तळव्याला कळलं, त्यांनी डोळे उघडून लेकीकडे पाहिलं. मग त्या ओठ नीट हलवत म्हणाल्या, “बाबा, ऑफिसातले भोईर.” बाबांनी मला सलाम केला.

बाबांच्या उजव्या अंगठ्याचं पेर अर्धंच होतं. मी बघतोय हे मॅडमच्या लक्षात आलं असावं. चहा देता देता त्यांनी सांगितलं. त्या सातवी-आठवीत होत्या. बाबा चालू लूमवर वाकून तुटलेला धागा जोडत होते. यांनी मागून जाऊन खांद्याला हात लावला. ते दचकले आणि अंगठा यंत्रात गेला.

“चहा झाला, एवढंच सांगायचं होतं,” मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर त्यांच्या घरात नियमच झाला. बाबांना हाक मारायची ती खरंच कारण असेल तर, समोरून, आणि त्यांनी पाहिल्यावर. बाकीचं पाटीवर लिहून ठेवायचं, ते सावकाश वाचतील. मला वाटलं त्या अजून काही सांगतील, पण त्यांनी कागद मागितले, सह्या केल्या आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या.

आता मी जे केलं ते सांगतो.

यादवच्या त्याच गोदामात मालाची एक जुनी लिफ्ट होती. लिफ्ट चालवणं आमच्याकडे नव्हतं. तिच्या दारावर आमचा एक सेन्सर बसवलेला होता आणि दार पूर्ण लागलं नसेल तर खबर द्यायची, एवढंच आमचं काम. मॅडमनी तो संदेश इशाऱ्यात ठेवला होता, प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराशी लावलेल्या छोट्या स्क्रीनवर. ‘लिफ्ट का दरवाज़ा खुला है. अंदर मत जाओ.’ आणि घंटा. पण दाराची कडी झिजली होती. दार लावलं तरी बोटभर फट राहायची आणि घंटा वाजायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा. गोदामाचा मॅनेजर वैतागला. मॅडम त्याला पहिल्यापासून सांगत होत्या की कडी बदला, इशारा बरोबर आहे, दार खरंच लागत नाहीये. तो कडी बदलायचं नुसतं म्हणत राहिला.

पावसाळा संपता संपता मॅडमच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी चार दिवस रजा घेतली. शुक्रवारी दुपारी मॅनेजरचा निखिल सरांना फोन आला. ही घंटा आज बंद झाली नाही तर तुमचं सगळं सामान उचलून घेऊन जा, म्हणाला. निखिल सर माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “भोईर, ते आज गप्प करून टाक. मॅडमना सोमवारी सांगू.”

मला फक्त एक शब्द बदलायचा होता. ‘इशारा’ होतं तिथे मी ‘डीबग’ केलं. म्हणजे दार उघडं राहिल्याची खबर यापुढेही येणार होती, दिवसातून चाळीस वेळा येणार होती, पण ती फाइलीत जाऊन पडणार होती, जिथे आमच्याशिवाय कुणी बघत नाही, आणि आम्हीही बघत नाही. बदलाबरोबर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्ती.’ मॅनेजरचा लगेच फोन आला की आता बरं झालं. मला बरंही वाटलं.

सोमवारी मॅडम आल्या. मी बाबांच्या डोळ्याची चौकशी केली. पट्टी काढल्यावर बाबांनी सगळ्यात आधी लेकीचे पांढरे केस मोजले, असं त्या कौतुकाने सांगत होत्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या ऐकल्याबरोबर तो शब्द परत जागेवर घालतील, मॅनेजर पुन्हा फोन करेल, निखिल सर माझ्यावरच चिडतील, असं सगळं डोक्यात आलं. म्हटलं दुपारी सांगू. दुपारी कुणीतरी भेटायला आलं. मंगळवारी राहिलं. दहा दिवस गेल्यावर, आता सांगितलं तर एवढे दिवस का नाही सांगितलं हेही सांगावं लागेल, असं वाटायला लागलं. मग मी त्याचा विचार करणंच सोडून दिलं.

दीड महिन्याने, सकाळी अकराच्या सुमाराला, रामसेवक नावाचा हमाल पहिल्या मजल्यावरून खोक्यांची हातगाडी लिफ्टमध्ये घालत होता. जड गाडी ओढताना माणूस तिच्याकडे तोंड करून मागे मागे चालत जातो, तसा तो चालला होता. दार उघडं होतं, म्हणून लिफ्ट तिथेच आहे असं त्याने धरलं. लिफ्ट वर गेली होती. कडीमुळे काम अडतं म्हणून दार उघडं असताना लिफ्ट हलू न देणारं तिचं स्वतःचं कुलूप गोदामाच्या वायरमनने तारेने बांधून टाकलं होतं, हे नंतर कळलं. रामसेवक खालच्या खड्ड्यात पडला. गाडी वरच अडकली, म्हणून जीव वाचला. कमरेचं हाड मोडलं. घंटा वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात बैठक झाली. मॅनेजर, निखिल सर, मॅडम आणि मी. मॅनेजरचा एकच प्रश्न होता की तुमचं मशीन गप्प का बसलं. शुक्रवारचा फोन त्याला आठवत नसावा, किंवा आठवत असावा. निखिल सर मॅडमना म्हणाले, लायब्ररी तुमची आहे, बघा जरा. मॅडमनी लॅपटॉप उघडला. मी त्यांच्या बाजूलाच बसलो होतो. कुठल्या संदेशात कधी काय बदललं आणि कुणी बदललं, हे सगळं त्यात असतं. त्यांनी लिफ्टच्या दाराचा संदेश काढला. प्रकार डीबग. बदलणाऱ्याचं नाव, माझं. कारण, किरकोळ दुरुस्ती.

त्यांनी ते दोनदा वाचलं असावं. मग टेबलावर, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, दोन बोटं वाजवली.

मी मान वर केली नाही.

त्या थांबल्या. नेहमी थांबायच्या तशाच. किती वेळ ते सांगता येणार नाही. खाली एक ट्रक मागे घेत होते, त्याचा आवाज सुरू झाला आणि संपलाही. निखिल सर मोबाइलमध्ये बघत होते. मी टेबलाच्या सनमायकाचा निघालेला कोपरा बघत होतो.

शेवटी मॅडम मॅनेजरला म्हणाल्या, “संदेशाचा प्रकार चुकीचा पडला होता. इशारा हवा होता, तो डीबगमध्ये गेला. लायब्ररी माझी आहे.”

मॅनेजरने विचारलं, म्हणजे चूक तुमची? मॅडम म्हणाल्या, जबाबदारी माझी. त्याला दोन्हींतला फरक ऐकायचा नव्हता. निखिल सरांनी मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाले, मागेही एकदा असं झालं होतं, थंड खोलीचं. मीही मान हलवली. कुणी विचारलेलं नसताना हलवली.

संध्याकाळी त्या जिन्यात भेटल्या. माझ्या दोन पायऱ्या खाली होत्या, तिथून वर येऊन माझ्या समोर उभ्या राहिल्या.

“मी थांबले होते, भोईर.”

मी म्हटलं, हो.

“तुमचं नाव मी घेतलं असतं तर तिथे तुमचं-माझं भांडण झालं असतं, आणि तो पडलेला माणूस बाजूलाच राहिला असता. ते तुम्ही सांगायचं होतं.” मग म्हणाल्या, “आणि एकट्या माणसाला इशारा गप्प करता येतो, ही माझीच चूक. ती सोय मी ठेवायलाच नको होती.”

त्या हे मला बरं वाटावं म्हणून बोलत नव्हत्या. त्यांना तसंच वाटत होतं. मी म्हणालो की उद्या सांगतो, निखिल सरांसमोर सांगतो. त्यांनी मान डोलावली आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी निखिल सरांनी मॅडमना बोलावून म्हटलं की गिऱ्हाइकाला तुम्ही या कामावर नको आहात, थोडे दिवस घरी राहा. मॅडमनी राजीनामा लिहून दिला आणि पंधरा दिवस मागून घेतले. लायब्ररी कुणाच्या तरी ताब्यात नीट द्यायची होती. ती माझ्याच ताब्यात द्यायची ठरली.

ते पंधरा दिवस रोज दुपारी त्या माझ्यासमोर बसत. तीनशेच्या वर संदेश होते. प्रत्येक संदेश त्या वाचून दाखवत, कुणासाठी ते सांगत, त्याने काय करायचं ते सांगत आणि याच प्रकारात का ठेवला ते सांगत. कुठेही आवाज चढला नाही. उलट काही जुन्या गमती आठवून हसल्याही. दहाव्या की अकराव्या दिवशी लिफ्टच्या दाराचा संदेश आला. त्यांनी तो केव्हाच इशाऱ्यात परत घातला होता.  “हे तिथे उभ्या माणसासाठी,” त्या म्हणाल्या. “वाचून त्याने आत पाऊल टाकायचं नाही.” आणि पेन्सिलीने बरोबरची खूण करून पुढच्या ओळीवर गेल्या.

त्या गेल्यावर मी लायब्ररीत एक बदल केला. आता इशारा किंवा धोका खाली उतरवायचा असेल तर दुसऱ्या माणसाने मान्य केल्याशिवाय तो उतरत नाही. फाइलीच्या माथ्यावर ‘जमीला खोत’ असं नाव आहे. गिऱ्हाईक कधी बघेल म्हणून निखिल सरांनी ते काढायला सांगितलं होतं. मी काढलं नाही. माझ्या हातून झालेलं धाडस एवढंच, आणि तेही त्यांनी पुन्हा विचारलं नाही म्हणून टिकलं.

आठ महिन्यांनी मी निखिल सरांना सांगितलं. केबिनचं दार लावून, उभ्याने. ते म्हणाले, “अरे, मीच तर सांगितलं होतं तुला. आता काय त्याचं?” आणि पुढच्या महिन्याच्या कामाविषयी बोलायला लागले. इतके दिवस छातीवर घेऊन हिंडलो ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बाहेर आलो तेव्हा हलकं वगैरे काही वाटलं नाही. ज्याला सांगायला नको होतं त्यालाच सांगून बसलो, असं वाटलं.

रामसेवकचं मला यादवकडून कळत होतं. तो कामतघरलाच एका खोलीत राहतो, बायको गावाहून आली आहे, काठीने चालतो, ओझं आता उचलता येणार नाही. बोलता बोलता यादव म्हणाला की मॅडम दर गुरुवारी दुपारी त्याला व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन जातात. पहिल्या आठवड्यापासून. मी विचारलं, कुठल्या मॅडम? यादवने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

पुढच्या गुरुवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. ठरवूनच निघालो होतो. दोघेही भेटतील, दोघांसमोर सांगू. रामसेवकला सांगायचं की तुझी घंटा मी बंद केली होती. मॅडमना काही सांगायचं नव्हतं, त्यांनी फक्त ते ऐकायला हवं होतं. अंजूरफाट्याला रिक्षा केली. वाटभर हिंदीतली वाक्यं मनात जुळवत होतो.

कामतघरला शिरल्यावर रिक्षा अडली. पुढे टेम्पो, त्यापुढे बीम, म्हणजे लूमला लागणारे सुताचे जड रूळ लादलेली हातगाडी. आणि डाव्या बाजूला, दहा पावलांवर, ते दोघं. रामसेवक काठी टेकत, एक पाय फेकत चालला होता. मॅडम त्याच्या गाड्यांकडच्या बाजूने. हातात एक्सरेचं मोठं पाकीट. त्यांच्या केसांत पांढरं आणखी वाढलं होतं. सायकलच्या दुकानापाशी तो दम घ्यायला थांबला, त्याही थांबल्या. तो काहीतरी म्हणाला. त्या वळून त्याच्या समोर आल्या आणि पुरतं ऐकून घेतलं. मग दोघंही हसले.

मी रिक्षाच्या दांड्याला धरून पुढे सरकलो. नाव घेऊन हाक मारली असती तर ऐकू गेली असती. रिक्षावाल्याने मागे बघून विचारलं, “यहीं उतरना है?”

मी म्हणालो, “नहीं, आगे चलो.”

टेम्पो हलला, रिक्षा पुढे निघाली. मी मागच्या फटीतून पाहिलं. त्यांना रस्ता ओलांडायचा होता. समोरून बीमची दुसरी हातगाडी उतारावरून येत होती. मॅडम रस्त्याच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि पंजा उघडून हात वर केला. हातगाडीवाला टाचा रोवून थांबला. रामसेवक सावकाश, एकेक पाऊल टाकत पलीकडे चालला होता, आणि तो पोचेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.